जखम 'सुकवायची' की 'भरायची'? हायड्रोजेल ड्रेसिंग घरी नीट कसं वापरायचं

आपल्याकडे जखम बरी झाली का असं कुणी विचारत नाही, "सुकली का?" असं विचारतात. आणि या एका शब्दापायी किती टाचा, किती नडग्या महिना महिना रखडतात ते मी ड्रेसिंग रूममध्ये चौदा वर्षं बघितलंय, आता घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते तर तिथेही तेच. पंख्याखाली जखम उघडी टाकलेली, वर अँटिबायोटिक पावडर भुरभुरलेली, पावडर आणि लस (जखमेतून झिरपणारं पातळ पाणी) मिळून त्याचा सिमेंटसारखा थर झालेला, आणि खाली जखम जशीच्या तशी. पण आपल्याच भाषेत दुसरा शब्द पण आहे ना, जखम "भरली". तो खरा शब्द. जखम तळातून भरत वर येते आणि कडेने नवी कातडी आत सरकत येते, आणि या दोन्ही कामांना ओल लागते.

हे काही माझं मत नाही. १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या अंगावरच्या उथळ जखमांवर प्रयोग केला, काही जखमा हवेला उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनची पातळ फिल्म लावली, तर झाकलेल्या जखमांवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण असं की उघड्या जखमेवर खपली धरते, आणि नव्या कातडीच्या पेशींना कोरड्या थरावरून सरकता येत नाही, मग त्या खपलीच्या खाली, अजून ओल आहे तिथपर्यंत खोल जाऊन वाट काढतात. ओल असेल तर सरळ वरून सरकतात. एवढंच.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की ओली जखम म्हणजे चिघळलेली जखम. नाही. ओल वेगळी आणि पू वेगळा. निरोगी जखम ही साधारण आपल्या ओठाच्या आतल्या बाजूइतकी ओलसर असावी, थबथबलेली पण नाही आणि कडकडीत पण नाही. हायड्रोजेल हे त्यासाठीच असतं.

हे जेल म्हणजे नक्की काय

फालुद्यातला भिजलेला सब्जा आठवा. एवढासा दाणा, भोवती पाण्याचा फुगलेला गोळा, आणि ते पाणी सांडत नाही, धरून राहतं. हायड्रोजेल तसंच, लांब लांब रेणूंची एकमेकांत बांधलेली जाळी आणि त्या जाळीत अडकलेलं पाणी, बऱ्याच ड्रेसिंगमध्ये वजनाच्या ७० ते ९० टक्के पाणीच असतं. हे पाणी ते कोरड्या जखमेला हळूहळू देतं, आणि थोडीफार लस शोषून पण घेतं, पण थोडीफारच, हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळं अवलंबून आहे.

जाळी कशाची असते तर पॉलिमरची, म्हणजे त्या लांब लांब रेणूंची: पीव्हीए, पीव्हीपी ही कारखान्यात बनणारी, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज हे झाडांच्या सेल्युलोजपासून केलेलं, कधी अगार म्हणजे आपलं चायनाग्रास. आणि यात आपल्या मुंबईचं पण काम आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पीव्हीएचं हायड्रोजेल विकसित करून ते तंत्र कंपन्यांना दिलं. पॉलिमरच्या द्रावणावर किरणांचा मारा करायचा, त्यातच जाळी बांधली जाते आणि त्यातच ते निर्जंतुकही होतं, जाळी बांधायला वेगळं केमिकल घालावं लागत नाही. पोलंडमधल्या वुच शहरात यानुश रोसिआक यांनी ही किरणांची पद्धत आधी रुळवली होती. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण तोपर्यंत अणुकेंद्र म्हटलं की आपल्याला बॉम्ब आणि वीज एवढंच माहीत.

आधी हे बघा: घरी करायचं की दवाखाना

ही पायरी वगळून पुढे जाऊ नका प्लीज. खालीलपैकी काही असेल तर जेल वगैरे राहू दे, डॉक्टर.

कुत्रं, मांजर, माकड चावलंय: साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं, वर काही बांधायचं नाही, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीला जायचं. खोल घाव, रक्त थांबत नाही, आत काच किंवा लोखंड, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय आठवत नाही: दवाखाना. भाजलं असेल आणि ते पेशंटच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठं असेल (बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का), किंवा चेहरा, हात, सांधे, जांघेत असेल, किंवा विजेने, ॲसिडने, किंवा पांढरं चामड्यासारखं होऊन दुखतच नसेल: दवाखाना. जखमेभोवती लाली पसरत चाललीय, गरम लागतंय, ताप, घाण वास, पू: दवाखाना. आणि शुगर असलेल्या माणसाच्या पायाची कुठलीही जखम, कितीही बारीक असू दे, पहिल्यांदा डॉक्टरांनी बघितलीच पाहिजे.

आणि एक अपवाद, जो मी प्रत्येक घरात दोनदा सांगते. पायाचं बोट किंवा टाच काळी, कोरडी, टणक झाली असेल आणि पाय गार पडत असेल, तर तिथे रक्तच पोचत नाहीये. तिथे जेल लावायचं नाही. ती काळी खपली कोरडीच ठेवायची आणि रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं, ओलं केलं की कोरडं गँगरीन ओलं होतं आणि मग पायावर बेतू शकतं. एवढा वेळ ओल ओल म्हणाले, पण इथे नाही.

जखम वाचायची कशी

दोन गोष्टी बघायच्या, रंग आणि ओल. लाल मांसल, डाळिंबाच्या दाण्यांसारखं दाणेदार दिसतंय म्हणजे भरतेय, छान. कडेला फिकट गुलाबी पातळ पापुद्रा म्हणजे नवी कातडी. पिवळट चिकट थर म्हणजे मेलेला भाग, त्याला लोक पू समजून घासतात, तो पू नव्हे. काळं म्हणजे सुकलेला मेलेला भाग.

ओल कशी मोजायची तर काढलेल्या जुन्या ड्रेसिंगवरून. एका दिवसानंतर गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) जखमेला चिकटलाय, ओढताना रक्त येतंय, तर जखम कोरडी आहे. गॉजवर रुपयाएवढा डाग, गॉज सहज निघाला, तर मध्यम. गॉज पूर्ण भिजून पट्टीतून बाहेर आलंय, तर जास्त पाणी येतंय.

हायड्रोजेल पहिल्या प्रकारासाठी. म्हणजे खरचटलेली जखम, फोड फुटून झालेली उथळ जखम, थोडंसं भाजलेलं, पिवळा कोरडा थर असलेली, जिचं ड्रेसिंग काढताना पेशंट किंचाळतो ती. दुसऱ्या प्रकारात चालेल पण लक्ष ठेवून. तिसऱ्यात बिलकुल नाही. मी नवीन होते तेव्हा एका आजोबांच्या भरपूर पाणी येणाऱ्या पायाच्या जखमेवर मी उत्साहाने जेल लावलं, नवीन आलंय, भारी आहे म्हणून, आणि दोन दिवसांनी उघडलं तर भोवतीची कातडी पांढरी, सुरकुतलेली, कपडे धुऊन झाल्यावर बोटं होतात ना तशी, आणि जखम कडेने वाढलेली. चूक माझीच होती. जिथे आधीच पाणी आहे तिथे मी अजून पाणी ओतलं होतं. तेव्हापासून मी आधी जुनं ड्रेसिंग बघते आणि मगच पिशवी उघडते.

मेडिकलमधून काय आणायचं

हायड्रोजेल तीन रूपात मिळतं. ट्यूबमधलं पातळ जेल, खड्डा असलेल्या किंवा पिवळा थर असलेल्या जखमेसाठी, कारण ते कोपऱ्यात शिरतं. शीट म्हणजे चपटी पारदर्शक जेलीची वडी, उथळ सपाट जखमेला आणि भाजलेल्याला. आणि जेलमध्ये भिजवलेला गॉज, तो मोठ्या वेड्यावाकड्या जखमेत पसरायला बरा. घरी वापरायला शीट सोपी, आणि पारदर्शक असल्यामुळे न काढता आत काय चाललंय ते दिसतं.

पाकिटावर निर्जंतुक असं लिहिलंय का, एक्स्पायरी, पाकीट फाटलेलं नाही ना, एवढं बघाच. सिल्व्हरवालं महागडं जेल स्वतःहून आणू नका, ते इन्फेक्शनसाठी असतं आणि डॉक्टरांनी सांगितलं तर, तेही ठराविक दिवसच. साध्या जखमेला साधं जेल पुरतं.

सोबत: नॉर्मल सलाईनची (निर्जंतुक मिठाच्या पाण्याची) बाटली, निर्जंतुक गॉज, मायक्रोपोर म्हणजे कागदी चिकटपट्टी, व्हॅसलीन, ग्लोव्ह्ज, आणि जेलच्या वर लावायला पातळ पारदर्शक फिल्म किंवा फोम पॅड. सलाईन नसेल तर उकळून गार केलेलं पाणी चालतं.

आणि कुंडीतली कोरफड? ती पण जेलच आहे की, असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. दिसायला तसंच आहे, पण कापून काढलेल्या गरात माती, जंतू सगळं येतं, उघड्या जखमेवर ते नको.

प्रत्यक्ष ड्रेसिंग

जागा पुसून घ्या, पंखा बंद करा, साबणाने हात धुवा, अंगठ्या काढून. दुखरी जखम असेल तर डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी अर्धा तास आधी घ्यायला सांगा, कारण पेशंट घाबरलेला असला की तुमचे हात पण घाई करतात.

जुनं ड्रेसिंग ओढायचं नाही, चिकटलं असेल तर सलाईनने भिजवून पाच मिनिटं थांबा. सलाईन फ्रीजमधलं नको, खोलीच्या तापमानाचं घ्या. जखमेवरून सलाईन वाहू द्या, मधून बाहेरच्या दिशेने हलक्या हाताने पुसा, घासू नका. हायड्रोजन पेरॉक्साईड नको, तो फेस बघून बरं वाटतं पण तो नव्या पेशीही मारतो. बीटाडीन रोज ओतण्याचीही गरज नाही स्वच्छ जखमेला. भोवतीची कातडी मात्र टिपून कोरडी करा, जखम ओली आणि भोवती कोरडं.

मग कडेच्या कातडीवर व्हॅसलीनचा पातळ थर, म्हणजे पाणी कातडीत मुरणार नाही. पण जर तुमची शीट कडेने चिकटणारी असेल तर चिकटणाऱ्या जागेवर व्हॅसलीन लावू नका, ती सुटून येईल.

ट्यूब असेल तर नोझल जखमेला टेकवायचं नाही, निर्जंतुक गॉजवर किंवा वरून सोडायचं, साधारण अर्धा सेंटिमीटर थर, जखमेच्या आतच, काठावर सांडू न देता. एक ट्यूब एकाच माणसाला. त्यावर साधा कोरडा गॉज लावू नका, हे सगळ्यात जास्त चुकतं, कारण तो गॉज जेलमधलं सगळं पाणी पिऊन टाकतो आणि सकाळी जेलचा पापड झालेला असतो. कोरड्या जखमेवर जेल आणि वर फिल्म, थोडं पाणी असेल तर जेल आणि वर फोम.

शीट असेल तर स्वच्छ कात्रीने जखमेपेक्षा एक-दोन सेंटिमीटर मोठी कापा. हिला बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना प्लास्टिक असतं, जखमेकडचं काढायचंच आहे, वरचं ठेवायचं की काढायचं ते कंपनीप्रमाणे बदलतं, पाकिटावर वाचा. मी अशी घरं बघितलीत जिथे दोन्ही प्लास्टिक तसंच ठेवून तीन दिवस बांधलं होतं आणि माणसं म्हणत होती काही फरक नाही. शीट ठेवली की मायक्रोपोरने चारी बाजू धरा, सांध्यावर असेल तर वरून हलकं क्रेप बँडेज, करकचून नाही.

उन्हाळ्यात घामाने शीट सरकते, विशेषतः मांडीवर आणि पाठीवर, तिथे चिकट कडांची घ्या. आणि जेल कधी फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठून वितळलं की त्याची घडण बदलते.

भाजलेल्याचं थोडं वेगळं

आधी २० मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद-तूप नाही. अंगठी, बांगडी लगेच काढा, नंतर सुजतं. पाण्यानंतरच जेलची शीट, ती लावल्या लावल्या आग कमी होते कारण उघड्या पडलेल्या मज्जातंतूंच्या टोकांवर गार ओला थर बसतो. लहान मुलांना मोठ्या भागावर गार जेल लावू नका, त्यांचं अंग पटकन गार पडतं.

बदलायचं कधी, आणि उघडल्यावर घाबरायचं कशाला नाही

ट्यूबचं जेल १ ते ३ दिवसांनी. शीट, जखम स्वच्छ आणि पाणी कमी असेल तर ३ दिवस, कंपनीने सांगितलं असेल तर ७ पर्यंत. रोज उघडून बघायची सवय सोडा, दर वेळी जखम गार पडते आणि काम थांबतं. पण शीट पांढरट गढूळ होऊन फुगली, कडेने गळतेय किंवा भोवती कातडी पांढरी दिसतेय तर त्याच दिवशी बदला, आणि पुढच्या वेळी जेल कमी करा किंवा दुसरं ड्रेसिंग घ्या.

उघडल्यावर आत पिवळसर घट्ट चिकट काहीतरी दिसेल, थोडा वास पण येईल. ते जेल आणि विरघळलेला मेलेला भाग. आपल्याच लसीतली एन्झाइम तो पिवळा थर खात असतात, जेल त्यांना फक्त पाणी पुरवतं. आधी सलाईनने धुवा आणि मग ठरवा. धुतल्यावर खाली लाल निरोगी दिसतंय तर सगळं ठीक. धुतल्यावरही घाण वास, हिरवट, लाली पसरतेय, जास्त दुखतंय, तर डॉक्टर. आणि पहिल्या आठवड्यात जखम थोडी मोठी दिसू शकते, कारण मेलेला भाग गेला की खरा आकार कळतो.

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा (जखमेला टेकवू नका). डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, रोज बघणाऱ्याला फरक कळतच नाही. पायाची शुगरची जखम ४ आठवड्यांत निम्मी झाली नाही तर उपचारात काहीतरी चुकतंय, परत दाखवा. बहुतेक वेळा चूक ड्रेसिंगमध्ये नसते, त्या पायावर वजन पडत असतं, किंवा शुगर चढलेली असते. बेडसोरचंही (अंथरुणाला खिळून राहिल्याने होणाऱ्या जखमेचंही) तेच, दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर जगातलं कुठलंही जेल काही करू शकत नाही, टाचेखाली नाही तर पोटरीखाली उशी घाला म्हणजे टाच अधांतरी राहील.

आणि जेवण. "भात खाल्ला की पू होतो", "आंबट बंद", "वांगं बंद", करत करत म्हाताऱ्या माणसाला नुसत्या पेजेवर ठेवतात आणि मग जखम भरत नाही म्हणतात. भरायला माल नको का? अंडी, डाळ, दूध, मासे, पिठलं, आणि लिंबू आवळा पण. पथ्य पाळायचं तर शुगरचं आणि किडनीचं, डॉक्टर सांगतील तेवढंच.

बाकीची मंडळी: कोलॅजन, अल्जिनेट, चिटोसान

मेडिकलवाला यातलं काहीही पुढे करेल म्हणून थोडक्यात. अल्जिनेट समुद्री शेवाळातून येतं, कोरडी कापसासारखी पट्टी, जखमेचं पाणी पिऊन तीच जेल होते, म्हणून भरपूर पाणी येणाऱ्या जखमेला ती, आणि कोरड्या जखमेला कधीच नाही. म्हणजे हायड्रोजेलच्या बरोब्बर उलट. कोलॅजनची शीट स्वच्छ उथळ जखमेला आणि भाजलेल्याला, चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने यावर बरंच काम केलंय. कोलॅजन गाईगुरांचं, डुकराचं किंवा माशाचं असतं, त्यामुळे घरच्यांना आधी विचारा, नंतर कळलं की मनाला लागतं, हे मी बघितलंय. चिटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून करतात, रक्त थांबवायला चांगलं, पण कोळंबीची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि जेल परवडत नाही म्हणून निराश होऊ नका. मुंबईत डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालीचं ड्रेसिंग भाजलेल्या पेशंटवर वापरल्याचं मांडलं, आणि सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं. दोन्ही मागे तत्त्व एकच, चिकटू नये आणि ओल टिकावी. पण ती सालं आणि पानं निर्जंतुक करून वापरलेली असतात, परसातलं पान तोडून घरी लावायचं नाही. घरी स्वस्तातला पर्याय म्हणजे स्वच्छ धुतलेल्या उथळ जखमेवर व्हॅसलीनचा थर आणि वर न चिकटणारा गॉज, रोज बदलून. साध्या खरचटलेल्या जखमेला एवढं खरोखर पुरतं, आणि हे मी पैसे वाचवायला सांगत नाहीये, ते चालतं म्हणून सांगतेय.

थांबायचं कधी

पूर्ण जागेवर गुलाबी कातडी आली, कुठे ओल नाही, तर जेल बंद, त्यापुढे जेल लावलं तर नवी कातडी भिजून फाटते. आता फक्त दिवसातून दोनदा साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल, आणि उघड्या भागावर असेल तर उन्हापासून झाकून ठेवा, नाहीतर काळा डाग राहतो. व्रणाची कातडी महिन्यांनंतरही मूळच्या फार तर ८० टक्के मजबुतीपर्यंत जाते, म्हणून नडगी किंवा टाच असेल तर पुढचे तीन-चार महिने मऊ मोजा घाला, चप्पलचा पट्टा तिथेच घासत नाही ना ते बघा, आणि खाज सुटली तर नखं लावू नका, वरून गार ओला रुमाल ठेवा.